एकटीला जमतं

घरी बायकोला यातलं अर्धंच ठाऊक आहे — आणि ते अर्धंही मी माझ्या सोयीने सांगितलेलं. पूर्ण कोणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही. हल्ली एका जागी बसवत नाही, एवढं खरं.

यवतमाळच्या बाहेर आमची डाळ पॅक करायची कंपनी आहे. सुरू झाली तेव्हा आम्ही पाच जण होतो — मालक, मी, शोभाताई आणि आणखी दोघं. कोणाला पद नव्हतं. मालक स्वतः पोती उचलायचे, मी फोन घेता घेता झाडू मारायचो, शोभाताई डाळ निवडायच्या आणि ट्रक आला की माल चढवायलाही उभ्या राहायच्या. माणसं कमी होती म्हणूनच काम धावायचं. चांगले दिवस होते ते — खरंच होते.

मग माल पुसद, नागपूर, पार हैदराबादपर्यंत जायला लागला. मशीनी आल्या, माणसं साठ झाली, मी मॅनेजर झालो. आणि पाच जणांची ती रीत मी साठ जणांवर तशीच चालवत राहिलो. नव्या लोकांना मोठ्या अभिमानाने सांगायचो, आपल्याकडे जास्तीचा माणूस नसतो. मालकांना ते आवडायचं. त्यांना आवडतं म्हणूनच मी बोलतोय, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

पॅकिंगच्या दोन्ही मशीनी शोभाताईंकडे होत्या. पाकीट अडकलं की मशीन बंद करून काढायचं, असा नियम. पण एक बंद करून निस्तरेपर्यंत दुसरीतली डाळ संपायची, रिकामी पाकिटं पडत राहायची. एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. एरवी काही मागणारी बाई नव्हती.

"भाऊ, मले एकटीले दोन मशीनी होऊन नाही राह्यल्या. पह्यले निभत होतं, आता माल लय वाढला. एक बाई द्या सोबत."

मालकांशी बोलतो, म्हणालो. बोललो नाही.

उलट महिनाभराने मालकांनीच विचारलं, पॅकिंगला माणूस वाढवायचा का? हो म्हणायला काय लागत होतं? पण हो म्हटलं तर — तर माझी ती रीत चुकली, असं झालं असतं. मी म्हणालो, "गरज नाही. शोभाताई स्वतःच म्हणतात, एकटीला जमतं."

पुढच्याच आठवड्यात पाकीट अडकलं. दुसरी मशीन रिकामी होत आलेली. त्यांनी पहिली बंद न करताच हात घातला — पाकिटाचं तोंड चिकटवणारा गरम जबडा बोटांवर मिटला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात मीच नेलं. वाटेत त्या ओरडल्या नाहीत. मशीन बंद केली का, एवढंच दोनदा विचारलं.

दवाखान्यातून सुटल्यावर मालकांनी ताईंना आणि मला बोलावलं. त्यांच्या हाताला अजून पट्टी होती. जमत नव्हतं तर सांगितलं का नाही, असं त्यांनी ताईंना विचारलं. ताई माझ्याकडे पाहू लागल्या. मी टेबलाकडे बघत म्हणालो, "मला तर कधी बोलल्या नाहीत."

मग त्या म्हणाल्या, "बोलली नसीन मी."

मला वाचवलं त्यांनी? की माझ्याशी वाद घालण्यातही त्यांना अर्थ वाटला नाही? विचारायची हिंमत झाली नाही.

त्या परत कामावर आल्या नाहीत. मी लगेच प्रत्येक मशीनवर वेगळी बाई नेमली, कामं वाटून कागदावर लिहिली. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, कंपनी मोठी झाली की पद्धत बदलावी लागते, आणि ते यांनी वेळेवर ओळखलं. वेळेवर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

शोभाताई आता कळंबला लेकीकडे असतात. मागे कामानिमित्त तिकडून गेलो, तर दारात बसून डाव्या हाताने कपडे पिळत होत्या. मी गाडी थांबवली नाही.

त्या बोलल्या होत्या. मी खोटं बोललो — एकदा त्यांच्या पाठीमागे, एकदा त्यांच्या तोंडावर.