रात्री तीनला उठलेला मामा

हे आजवर एकाही माणसाला कळलेलं नाही. कळू दिलं नाही — असं म्हणायला हवं. दोन वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, पण आधीच बजावून ठेवतो, मान खाली घालून सांगणार नाही.

मी अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात राहतो, एकटा, सॉफ्टवेअरच्या नोकरीत. नागपूरला एकच बहीण, ताई. तिची एकच मुलगी, रेवा. आणि रेवाला सख्खा मामा एकच — मी. आपल्याकडे नवरीला बोहल्यावर मामा घेऊन येतो. म्हणजे दोन हजार सहाच्या मे महिन्यात मी नागपुरात असायलाच हवा होतो, नाही का?

मी ताईला फोनवर सांगितलं, "व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलंय. बाहेर पडलो तर परत येता येणार नाही." इथल्या मराठी माणसाचं हे ब्रह्मास्त्र. यापुढे कुणी काही विचारत नाही. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा अजून चांगला वर्षभर चालणार होता.

का केलं? नऊ वर्षांतली माझी प्रत्येक सुटी नागपुरात गेली होती. दोन बॅगा भरून न्यायच्या, घरोघरी पोहे खायचे, "अजून लग्न का नाही केलंस" हे ऐकून घ्यायचं. आणि ऑफिसातल्या कॅलेंडरवर सायप्रसचा एक किनारा होता. निळं पाणी, गोल गोटे, पाण्यात उभा एक मोठा खडक. ग्रीकांची प्रेमाची देवी ॲफ्रोडाइटी तिथंच समुद्राच्या फेसातून वर आली म्हणे. मला तिथं जायचं होतं. दहा दिवस, दुसऱ्या कुणाचे नसलेले. कारण म्हणून हे पुरेसं नाही, ठाऊक आहे मला. पण खरं तेवढंच आहे.

मुहूर्ताला रेवाला फोन करायचं कबूल केलं होतं. केला — त्याच किनाऱ्यावरून, सकाळी दहाला, उघड्या अंगानं. नागपुरात साडेबारा, कॅरीत रात्रीचे तीन. चुलतमामा टोपी घालून तयार होते, पण पोरीनं ऐकलं नाही. मोबाइल हातात धरून एकटीच बोहल्याकडे निघाली.

"मामा, हा कसला आवाज येतोय रे?"

"एसीचा गं. चाल तू."

मंगलाष्टकं सुरू झाली. दोन ऐकली. ऊन चढत होतं, पाणी समोर होतं — मी फोन बंद केला, टॉवेलखाली ठेवला आणि पाण्यात शिरलो. नंतर ताईला म्हणालो, शेवटपर्यंत ऐकलं.

आता रेवा नवऱ्याबरोबर कॅरीतच आली आहे, माझ्यापासून दहा मिनिटांवर. कुणाकडे जेवायला जमलो की हटकून सांगते, "माझा मामा ना यार, रात्री तीनला उठून फोनवर बसला होता! अक्षता पडल्या तेव्हा आशीर्वाद दिला त्यानं. गोंधळात मला नीट ऐकू नाही आला, पण दिला." काकू लोक हळहळतात. मी मान डोलावतो. दर वेळी डोलावतो.

व्हिसाचं खोटं मला डाचत नाही. तसलं मी उद्याही बोलेन. डाचतो तो बंद फोन, जो धरून ती पोर अंतरपाटासमोर उभी राहिली — पण म्हणून मी खोटा पश्चात्ताप करू का? अक्षता पडल्या तेव्हा मी त्या खडकाला वळसा घालून पोहत होतो. आणि इतका सुखी मी आयुष्यात कधीच नव्हतो.