काळ्या-पांढऱ्यातले काका

मी एका जिवंत माणसाचा फोटो काळा-पांढरा करून आमच्या ऑनलाइन फोटोग्राफी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'असे चेहरे आता दिसायचे नाहीत.' मला वाटलं, कला झाली. लोकांना वाटलं, माणूस गेला. बघता बघता खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली.

फोटो होता सोयगावच्या स्टँडजवळ दाढी-कटिंगचं दुकान चालवणाऱ्या काकांचा. गारखेड्याहून कॅमेरा घेऊन तिकडं भटकायला गेलो की मी त्यांच्याकडंच दाढी करतो. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते आधी स्वतःचे केस विंचरतात. "आरशात दोघंबी दिसतो ना, साहेब!" बोलतात तेही आरशातल्या माझ्याशी. मुलीचा विषय निघाला की मात्र वस्तरा थांबतो. ती बजाजनगरला असते. तिच्या लग्नावरून बिनसलं, तेव्हापासून ती माहेरी आली नव्हती.

तो फोटो फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला. ती रडत सोयगावला आली, तर बाप एकाच्या गालाला साबण फासत उभा! आपल्याला बोलावून घ्यायला बापानंच हे नाटक रचलं, असं तिला वाटलं. आली तशी ती परत गेली.

मी माफी मागायला गेलो. काकांनी माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं.

"चूक माझी होती, असं तिला फोन करून सांगू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. फोटो लई झकास काढला तुम्ही, साहेब. पण आता मी खरंच मेलो तरी ती यायची नाय."