आमचे हे

भूतखेत, आत्मे वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी कंपनीत इलेक्ट्रिशियन — टेस्टर पेटल्याशिवाय वायरमध्ये करंट आहे हेही न मानणारा माणूस. तरी ९५ सालचं हे लिहितोच आहे...

मी आणि नंदू रोह्याला लागून वरसे गावात एका खोलीत अकरा वर्षं राहिलो. तो पेणचा. तिथल्याच कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी करायचा, रोज एसटीनं जाऊन-येऊन. लोकांना सांगायला आम्ही रूमपार्टनर. खरं म्हणजे संसारच करत होतो, आणि भांडायचोही तसेच.

काविळीनं तो रोह्याच्या दवाखान्यात वारला. सिस्टरनी विचारलं, "तुम्ही कोण?" म्हटलं, मित्र. "मग बॉडी तुम्हाला देता येणार नाही. नातेवाइकाची सही लागते." पेणहून भाऊ आला, त्यानं सही केली. मी गाडीत चढायला लागलो तर म्हणाला, "तुमी नका येऊ. घरी सगले इचारतील, हा कोन." मी खाली उतरलो. नंदूला अग्नी दिलेला मी पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, वॉर्डात राहिलेला थर्मास आणायला गेलो. आयाबाई वेगळ्या होत्या, आठ दिवसांच्या रजेवरून त्याच सकाळी आलेल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी थर्मास पुढे केला.

"तुमचाच ना? आताच तो पेशंट सांगून गेला, आमचे हे येतील, त्यांच्याच हातात द्या. बाप्या मानूस आन् 'आमचे हे' बोलतोय... मना हसूच आला."

"दिसायला कसा होता?"

"बारीक. बोटांना काला रंग लागलेला."

नंदू मला 'आमचे हे' एकदाच म्हणाला होता, पहिल्या वर्षी, चेष्टेत. शेजारी ऐकतील म्हणून मी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. पुन्हा कधी म्हणाला नाही.

बाईंनी वही पुढे केली. वस्तू नेणाऱ्याचं नाव, सही आणि पुढे — पेशंटशी नातं. जवळ दुसरं कुणी नव्हतं. बाईंना तर, त्याच म्हणाल्या, वाचताही येत नव्हतं. तरी मी लिहिलं, 'मित्र'.

बाईंचा गोंधळ झाला असेल, कुणी काही सांगितलं असेल... खूप विचार केला, उत्तर आजही नाही. पण मला ते छळत नाही. तो बिचारा परक्या बाईला सांगून मोकळा झाला, आणि मी पुन्हा 'मित्र' लिहून घरी आलो, हे छळतं.