दहावा माणूस

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढे वडिलांनी हातात रंधा दिला. तेव्हा या लिहिण्यात जे वेडंवाकडं असेल ते माझं आहे, कोणी दुरुस्त करत बसू नये.

मी पनवेलचा. आमची जमात बेने इस्राएल, कोकणात मुरलेले मराठी बोलणारे यहुदी. बाविसाव्या वर्षी बायकोला घेऊन इस्राएलला गेलो आणि वाळवंटातल्या एका गावात चाळीसच्या वर वर्षं दारं-खिडक्या बनवल्या. तिथे मला 'हिंदी' म्हणायचे, म्हणजे हिंदुस्थानातला. तिथली भाषा मी कामापुरती शिकलो, त्याच्यापुढे गेलो नाही. बायको सगळं शिकली. दवाखान्यात, बँकेत ती बोलायची आणि मी मागे पिशवी धरून उभा राहायचो.

वारण्याच्या आठ दिवस आधी ती म्हणाली, "माझी वर्षी पनवेलला करा. कद्दीश आपल्या चालीत म्हणा. इथल्यांची चाल माझ्या कानाला लागत नाही."

कद्दीश म्हणजे गेलेल्या माणसासाठी घरच्या पुरुषानं म्हणायची प्रार्थना. ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा पुरुष हजर लागतात. नऊ चालत नाहीत.

मी हो म्हणालो. पोरगा म्हणाला, "बाबा, इथे रस्त्यावर उभं राहून हाक मारली तरी दहा माणसं गोळा होतील. तिकडे आता कोण उरलंय?"

"माझ्या पनवेलमध्ये मला दहा माणसं मिळणार नाहीत?"

"जाऊन बघा."

तो 'जाऊन बघा' म्हणाला म्हणून मी आलोच. खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली घेतली. पण माझ्या खिशात पासपोर्ट त्या देशाचा. म्हणजे ज्या गावात मी विटीदांडू खेळलो, तिथे मी परदेशी. परदेशी लोकांच्या कचेरीत नोंद करायला गेलो तर टेबलामागचा मुलगा फॉर्म भरता भरता विचारतो, "किती दिवस राहणार?"

"मरेपर्यंत."

"तसा रकाना नाही, काका."

त्याचा काही दोष नाही. तो हसलाही नाही, तारीख टाकून मोकळा झाला. एकदा वडिलांचं गाव बघायला अलिबागच्या बाजूला गेलो. लॉजवाल्यानं पासपोर्ट बघून हात जोडले. म्हणाला, परदेशी माणूस ठेवायची आमच्याकडे सोय नाही. मी त्याला माझ्या आज्याच्या शेताचा बांध कुठून कुठे जातो ते सांगितलं. तो म्हणाला, "ते बरोबर आहे हो आजोबा, पण कंप्युटर ऐकत नाही." संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. वडिलांच्या गावात मला एक रात्र काढता आली नाही.

मला ओळखलं ते फक्त बाजारातल्या कोळणीनं. उरणहून येणारी, माझ्याच वयाची. मी टोपल्यांपुढून चाललो होतो तर म्हणाली, "ओ शनवारवाले, हिकडं या. तुमाला खवल्याचाच मासा लागतो नं? तो इथं हाय." आमचे लोक शनिवार पाळतात आणि बिनखवल्याचा मासा खात नाहीत, हे तिला तिच्या आईकडून ठाऊक. त्या दिवशी नको असताना मी दोन वाटे घेतले.

आता चुलतभावाचं सांगतो.

तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो कधी गेलाच नाही, इथेच राहिला, सिनेगॉगपासून, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागेपासून, चार घरांवर. आम्ही निघालो तेव्हा माझी सासू आमच्याबरोबर यायला तयार झाली नाही. तिला यानं सांभाळली. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिची उठबस याच्या घरात झाली, आणि मातीही यानंच दिली. मी त्याला एक ओळ लिहिली नाही. बायको कितीदा म्हणाली, "मी लिहिते, तुम्ही खाली सही करा." मी म्हणायचो, "माझं मी बघेन." अक्षराची लाज वाटायची, आणि काय लिहावं तेही कळत नव्हतं. वर्षं निघून गेली.

परत आल्यावर पहिल्यांदा सिनेगॉगला गेलो तर तो दारात उभा. चारचौघांत म्हणाला, "पाहुणे किती दिवस आहेत?"

आदल्याच दिवशी मी नोंदणीच्या त्या टेबलापुढून उठून आलो होतो. तोच प्रश्न. मी आत जाऊन बसलो, आणि पुढे कित्येक महिने त्याच्याशी बोललो नाही.

वर्षी जवळ आली तसा मी माणसं जमवायला निघालो. आमच्याकडे वर्षीचं बोलावणं निरोपानं होत नाही. घरच्या माणसानं स्वतः दारात जाऊन सांगायचं. रोडपालीला एक निवृत्त बँकवाले आहेत, ते हो म्हणाले. तळोज्याच्या कारखान्यातला एक म्हणाला, "रात्रपाळी सुटली की तसाच येतो, अंघोळ तेवढी तुमच्याकडे करीन." जिने चढून चढून गुडघे सुजले, पण मला धरून नऊ झाले. दहावा एकच उरला होता, आणि तो चार घरांवर होता.

मी बँकवाल्यांना म्हटलं, "तुमच्या वाटेत त्याचं घर आहे. सांगून ठेवा."

त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. "तो म्हणतो, बायको कुणाची आहे? ज्याची आहे त्यानं यावं."

त्याचं बरोबर होतं. मीही हेच म्हणालो असतो. म्हणून तर गेलो नाही.

वर्षीच्या दिवशी पहाटे उठून मलिदा केला, ते आमचं अर्पणाचं ताट. पोहे भिजवले, खोबरं खवलं, साखर, वेलची, वर फळांचे काप आणि सब्जाची पानं. हे काम बायांचं, पण मी तिला करताना आयुष्यभर पाहिलं होतं. ताट झाकून सिनेगॉगला नेलं. साडेआठला आम्ही नऊ जण बसलो. तळोज्याच्या माणसाचे डोळे लाल झाले होते, तो बसल्या बसल्या डुलत होता.

नऊ वाजले. बँकवाले हळूच म्हणाले, "चार घरं तर आहेत. जाऊन या."

"त्याला दिवस ठाऊक आहे."

"मग मी आणतो हाताला धरून."

"निरोपावर तो येणार नाही, आणि मी काही दारात जाणार नाही."

"अहो, तुमच्या बायकोसाठी."

मी पुस्तक उघडून बसलो. अक्षरं दिसत नव्हती. आमच्यात माणसं बोटानं मोजत नाहीत, तरी सगळे दाराकडे बघून मनात मोजत होते. दहा वाजले. साडेदहा झाले. मग बँकवाल्यांनी स्तोत्रं वाचली, ती किती का माणसं असेनात, चालतात. मलिद्यावर आशीर्वाद म्हटला. कद्दीश राहिली. तळोज्याचा माणूस जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. तो मला नको होता, पण मी झटकला नाही.

जो आला नाही त्याचा वाटा घरी पोचवायचा, हीही आमची रीत. वाटा राहिला तर अर्पण पुरं होत नाही. उरलेल्या ताटाकडे मी बराच वेळ बघत बसलो. मग उठलो आणि ती चार घरं चाललो.

त्याचं दार उघडंच होतं. तो समोरच खुर्चीवर बसला होता. धुतलेला पांढरा सदरा, इस्त्रीची पँट, डोक्यावर टोपी, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक, पायात बूट. आम्ही घरात बूट घालून बसत नाही.

त्याची सून आतून म्हणाली, "सकाळी सातपासून असेच बसलेत. चहासुद्धा घेतला नाही."

त्यानं माझ्या हातातल्या ताटाकडे पाहिलं. "झालं?"

"नाही झालं. नऊच होते."

त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत घातली. मग म्हणाला, "एवढंच तर यायचं होतं रे तुला."

"तुलाही तेवढंच होतं."

"हो. मलाही."

मी बाजूच्या खुर्चीवर बसलो. सुनेनं वाट्या आणल्या. त्यानं एक घास घेतला आणि म्हणाला, "साखर कमी पडली." बायको गेल्यापासून माझ्या हातचं कोणी खाल्लं नव्हतं. मी म्हटलं, "पुढल्या वर्षी जास्त टाकीन."

पोरानं संध्याकाळी फोन केला. "झाली का वर्षी? मिळाले दहा?"

"मिळाले," मी म्हणालो. दहा होतेच पनवेलमध्ये. तेवढं खोटं नव्हतं.

पुढल्या वर्षी मी एक महिना आधीच त्याच्या दारात जाऊन सांगितलं. तो आला, माझ्या शेजारी बसला. पण मधल्या काळात बँकवाले मुलीकडे कायमचे राहायला गेले, आणि दुसरा एक जण वारला. आम्ही आठ होतो. स्तोत्रं म्हटली आणि घरी आलो.

माझं चुकलं, हे मी भावाला अजून म्हटलेलं नाही. त्यालाही वाचता येतं, म्हणून इथे लिहून ठेवतो. बायकोला सांगायची सोय राहिली नाही.