यकृताची मुदतवाढ

सर आधी पोटाच्या उजव्या बाजूला थाप मारायचे, मग नडगीवर. "रक्ताचं बिऱ्हाड इथून इथं हललं," म्हणायचे. "वेळ झाली की जागा सोडायची, हे त्याला कळतं."

आमच्या कॉलेजात भ्रूणशास्त्र शिकवावं तर त्यांनीच. कन्नड तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातले. लहानपणी घोड्यावर संसार लादून रानोमाळ हिंडलेले. त्यामुळे गर्भातलं रक्त त्यांना घरचंच वाटे. ते आधी गर्भाबाहेरच्या पिशवीत तयार होतं, मग यकृतात, आणि जन्म जवळ आला की हाडांच्या मज्जेत. पहिल्या पेशी थोराड, पोटात केंद्रक बाळगणाऱ्या. नंतरच्या ते टाकून सुटसुटीत होतात. "ओझं टाकलं की लई हलकं वाटतं," सर सांगत. विभागाच्या कपाटाच्या किल्ल्या मात्र त्यांच्याच खिशात खुळखुळत.

मग सर निवृत्त झाले. विभागाने निरोप दिला, प्राचार्यांनी दिला, माजी विद्यार्थ्यांनी दिला. सगळ्या शाली घेऊन सर गारखेड्याला घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला हजर! विभागप्रमुख मी, आणि खुर्चीत सर. त्यांनीच मला शिकवलेलं. तुम्हीच सांगा, हटकणार कसं? वर ऐकवायचे, "हाडं आजारी पडली की यकृत पुन्हा रक्त करायला लागतं, मॅडम." माहीत होतं हो. पण माझी हाडं ठणठणीत होती! इतक्या वर्षांत रक्ताचा हा एक धडा काही माझ्या वाट्याला आला नव्हता, आणि मला तोच शिकवायचा होता.

त्या वर्षीही तो सरांनीच घेतला. मी मागच्या बाकावर, धुमसत. पिशवी झाली, यकृत रंगात आलं. तेवढ्यात देवगाव रंगारीची एक मुलगी उठली.

"सर, पण आता थांबायचं, हे लिव्हरला कोण सांगतं?"

सरांनी फळ्यावर टेकवलेला खडू खाली घेतला.

"कुणी सांगत नाय, बाळा. पेशीच एकेक करून निघून जातात. मग त्याला कळतं."

मग ते मागच्या बाकापर्यंत आले. खडू माझ्या हातात दिला, खिशातल्या किल्ल्या काढून बाकावर ठेवल्या.

"मॅडम, हाडं तुम्ही घ्या."

उरलेला तास मी घेतला. काय शिकवलं, देव जाणे. सर पुन्हा आले नाहीत. अजूनही यकृत संपवून हाडांशी आले की मी एकदा दाराकडे बघते. त्यांची खुर्ची विभागाच्या कोपऱ्यात आहे. तिच्यात त्यांच्या बसण्याचा खड्डा पडलाय, आणि त्यात मला काही बसवत नाही.