तेरा गुरुवार

"तेरा," प्रल्हाद म्हणाला. "कॅलेंडर उघडून मोजले मी. तेरा गुरुवार तू मला भजनाला जाते म्हणून सांगितलंस आणि तेराही गुरुवार मी एकटा बसून वरणभात गरम करून खाल्ला. का, तर बायको देवाचं नाव घेतेय."

"भाजीपण असायची," नीलांबरी म्हणाली.

"भाजीचा विषय नाहीये."

"मग वरणभाताचा कशाला काढलास?"

रुचा दूध-सीरियलच्या वाडग्यात बघून हसली. ती ॲन आर्बरच्या कॉलेजातून दोन दिवसांसाठी घरी आली होती. आल्याआल्या आईबाबांचं भांडण ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं, पण तिची तक्रार नव्हती.

आदल्या दिवशी शॉमबर्गला महाराष्ट्र मंडळाची संक्रांत होती. ज्यांच्या घरी दर गुरुवारी बायकांचं भजन असतं त्या सुनेत्राकाकूंनी प्रल्हादच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि विचारलं, "नीलांबरीचं बरं आहे ना रे? दसऱ्यापासून भजनाला फिरकली नाही." प्रल्हादने हसून वेळ मारून नेली. नेपरव्हिलला घरी आल्यावर त्याने कॅलेंडर उघडलं. सकाळी चहा होताच त्याने विचारलं आणि नीलांबरीने सगळं सांगून टाकलं. ती खोटं बोलू शकायची, पण विचारल्यावर नाही.

"आणि जायचं कुठे, तर लायब्ररीत," प्रल्हाद म्हणाला. "परक्या बायकांना घरातलं सांगायला."

"घरातलं नाही सांगत. माझं सांगते."

"तुझं म्हणजे घरातलंच ना? आणि आता म्हणे तो गट हिनेच चालवायचा."

"अजून हो म्हटलेलं नाही मी. उद्यापर्यंत कळवायचंय."

गट चालवणारी लॉरेटा मार्चमध्ये मुलीकडे जॉर्जियाला कायमची राहायला जाणार होती. तिच्यामागे गट कुणी घ्यायचा, हे तिने परवाच्या गुरुवारी नीलांबरीकडे बघून ठरवलं होतं. लायब्ररीचं मार्चचं पत्रक छापायला जाणार होतं. त्यात गटाच्या नावाखाली चालवणाऱ्या बाईचं नाव आणि फोन नंबर असतो. ते पत्रक गावातल्या घराघरात जातं.

नीलांबरी वैरागडे फार्मासिस्ट आहे. नागपूरला बी. फार्म. केलं, लग्न करून इथे आली आणि इथल्या परीक्षा देऊन, दुसऱ्या खेपेला पास होऊन, औषधाच्या दुकानात उभी राहिली. त्या वर्षी प्रल्हाद शिकागोहून शेवटच्या आधीच्या ट्रेनने यायचा, वर्षाच्या रुचाला खांद्यावर टाकायचा आणि एका हातात कार्डं धरून बायकोला प्रश्न विचारायचा. औषधांची नावं तो इतकी वाईट उच्चारायचा की तिला त्या नावांवरून प्रश्न ओळखता यायचे नाहीत. दोघं हसून हसून बेजार व्हायचे आणि रुचा उठून रडायची. नीलांबरी ते विसरलेली नाही. म्हणूनच त्याच्याशी भांडताना तिचा आवाज एका मर्यादेपलीकडे चढत नाही.

एकाच काउंटरवर तिची एकोणीस वर्षं झाली. काउंटरवर येणारी बरीच माणसं चांगली असतात. काही मात्र तिच्या पांढऱ्या कोटाकडे बघतात, चेहऱ्याकडे बघतात आणि विचारतात, "फार्मासिस्ट कुठेय?" ती म्हणते, "मीच." मग ती माणसं शेजारच्या ब्रिटनीकडे वळतात. ब्रिटनी सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेली, गोऱ्या रंगाची, अजून लेबलं उलटी लावणारी मुलगी. ती घाबरून म्हणते, "नाही नाही, मॅडमच." नीलांबरी हसते. तिचं ते हसणं एकोणीस वर्षांत इतकं तयार झालं होतं की घरी आल्यावरही बराच वेळ उतरायचं नाही.

मागच्या सप्टेंबरात ती एका म्हातारबाईच्या गोळ्या मोजत होती. ट्रेवर पाच-पाच करून साठ. मोजल्या, परत मोजल्या, तिसऱ्यांदा मोजल्या आणि तरी साठच आहेत यावर तिचा विश्वास बसेना. हात थरथरायला लागले, छाती आवळली. हॉस्पिटलमध्ये हृदय उत्तम निघालं. प्रल्हाद धावत आला, रात्रभर खुर्चीत बसला आणि सकाळी म्हणाला, "पित्त असणार. कोकम घेत जा." ती आठ दिवस कोकम घेत राहिली. थरथर गेली नाही.

डॉक्टरने काउन्सेलरचं नाव दिलं, पण तिथे तीन महिन्यांची रांग होती. तोवर जा म्हणून तिथल्या नर्सने एक कागद दिला. दर गुरुवारी साडेसहाला, लायब्ररीची छोटी खोली, गोऱ्या नसलेल्या बायकांचा गट. खाली लिहिलं होतं, लॉरेटा गेन्स, आणि फोन नंबर.

पहिल्या दिवशी नीलांबरी घरून चिवड्याचा मोठा डबा घेऊन गेली. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं कसं? सहा बायका गोल बसल्या होत्या. लॉरेटा साठीची काळी बाई, शाळेची बस चालवणारी. तिने सांगितलं, "प्रत्येकीने स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची."

नीलांबरी म्हणाली, "माझे मिस्टर इन्शुरन्स कंपनीत डायरेक्टर आहेत. मुलगी मिशिगनला शिकते."

लॉरेटा चिवडा खात होती. ती म्हणाली, "ही त्यांची ओळख झाली, हनी. तू कोण आहेस?"

नीलांबरीला काही सुचेना. एका बाईने झोप लागत नाही म्हटल्यावर मात्र तिला लगेच सुचलं. जायफळ दुधात उगाळून कसं घ्यायचं आणि लोह तपासून घ्यायला हवं, असं बरंच सांगितलं. गटाचा एकच कडक नियम होता, सल्ला द्यायचा नाही. नीलांबरीने तो नियम पहिल्या वीस मिनिटांत चार वेळा मोडला. घरी येताना तिला वाटलं, आता हे लोक परत बोलवणार नाहीत. रात्री लॉरेटाचा निरोप आला: डबा राहिलाय, पुढच्या गुरुवारी घेऊन जा, भरलेला आणलास तरी चालेल.

तिथली रीत साधी होती. प्रत्येकीने स्वतःसाठी एक वाक्य ठरवायचं आणि रोज सकाळी जोडीदारणीला फोन करून ते मोठ्याने म्हणायचं. समोरचीने फक्त "ऐकलं" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मारिसोल लहानपणापासून आईवडलांची सगळी सरकारी पत्रं वाचून दाखवत आली होती. तिचं वाक्य होतं, आज मी कुणाची दुभाषी नाही. लॉरेटाचं वाक्य, आज मला राग आला तरी मी वाईट बाई ठरत नाही. नीलांबरीला तीन आठवडे वाक्य सापडलं नाही. स्वतःबद्दल चांगलं बोलायचं नसतं, ते दुसऱ्यांनी बोलायचं असतं आणि आपण "छे छे" म्हणायचं असतं, असं ती शिकली होती. अखेर एका सकाळी, गॅरेजमध्ये गाडी तापत असताना, ती फोनवर मराठीतच म्हणाली, "मी इथे चुकून आलेली नाही." लॉरेटाला अर्थातच काही कळलं नाही. बसच्या इंजिनाच्या आवाजात ती म्हणाली, "ऐकलं."

तेव्हापासून रोज सकाळी सहा चाळीसला तो फोन व्हायचा. बाहेर प्रल्हाद तिच्या गाडीमागचा बर्फ लोटत असायचा. काचेतून तिचे ओठ हलताना दिसायचे. त्याला वाटायचं, बहिणीशी बोलतेय.

आता ते ऐकून त्याला जास्तच लागलं.

"मी बाहेर थंडीत बर्फ काढतोय आणि तू आत एका बस ड्रायव्हरला सांगतेस की तू चुकून आलेली नाहीस. हे मी नसतं सांगितलं तुला? रोज सांगितलं असतं."

"तू पित्त म्हणालास."

रुचाने चमचा खाली ठेवला.

"आणि ते पीपल ऑफ कलर, गोरे नसलेले वगैरे," प्रल्हाद म्हणाला, "आपण कधीपासून त्यांच्यात? आपण नीट शिकून, व्हिसा घेऊन आलेलो लोक."

"काउंटरवर मला व्हिसा कुणी विचारत नाही, प्रल्हाद. तोंड बघतात आणि ब्रिटनीकडे वळतात."

"कोण वळतं?" रुचाने विचारलं.

मग नीलांबरीने काउंटरचं सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांत घरी पहिल्यांदा. रुचा लाल झाली. "आई, तू मला का नाही सांगितलंस? आय वुड हॅव रिटन टू देअर हेड ऑफिस."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"बाबा, यू न्यू?"

"मला वाटायचं, हिला तिथे सगळे मान देतात," प्रल्हाद म्हणाला. "मी ऑफिसात सांगतो लोकांना, माझ्या बायकोला विचारल्याशिवाय अर्धं गाव गोळी घेत नाही."

"ते पण खरं आहे," नीलांबरी म्हणाली.

त्याने उठून उगीचच डिशवॉशर उघडला. त्यांच्याकडे त्यात भांडी फक्त वाळत घालतात. दोन वाट्या काढल्या, कपाटात ठेवल्या आणि पाठमोऱ्यानेच म्हणाला, "आणि मला कोण करतं सकाळी फोन? ट्रेनमध्ये मीपण पन्नास मिनिटं बसतो. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान माणूस माझा बॉस झालाय दिवाळीत. तुम्हाला सांगितलं का मी?"

हे दोघींनाही माहीत नव्हतं. नीलांबरीने त्याचा गार झालेला चहा उचलला आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. तिला त्याची दया आली आणि त्याच वेळी मोठा आधारही वाटला, कारण चोवीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा तिला असं काही सांगत होता, आणि तेही वाट्या लावता लावता.

"आता सांगितलंस ना," ती म्हणाली.

चहा घेतल्यावर तो नरम पडला आणि व्यवहाराचं बोलू लागला.

"जा तू. मी नाही म्हणत नाही. चालवायचा तर चालवपण. पण पत्रकात नाव नको. नुसतं 'एन' लिही. मंडळात उद्या म्हणतील, वैरागड्यांच्या सुनेचं डोकं ठीक नाही. तुझ्या लायसन्सचं काय? पेशंटच म्हणाला, या बाईने दिलेली गोळी नको, तर?"

यातली भीती तिच्या ओळखीची होती. गेले तीन दिवस ती तिलाही वाटत होती. "एन" म्हणणं सोपं होतं. लॉरेटाही चालेल म्हणाली असती.

"गेल्या आठवड्यात एक मुलगी आली होती दुकानात," नीलांबरी म्हणाली. "आपल्याकडची, मराठी. नवऱ्याच्या व्हिसावर आलीये, काम करायची परवानगी नाही. हळू आवाजात विचारत होती, चिठ्ठीशिवाय मिळेल अशी झोपेची गोळी कुठली, आणि रोज घेतली तर चालते का. मी चार गोष्टी विचारल्या, डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि गटाचा कागद दिला. तिने तो उलटसुलट बघितला. म्हणाली, मावशी, इथे आपलं कुणी असतं का?"

"मग?"

"असतं म्हटलं."

"कोण ते सांगितलंस?"

"नाही. मागे रांग होती, असं स्वतःला सांगितलं मी. रांग नव्हती."

रुचा हळूच म्हणाली, "ती आली गुरुवारी?"

"नाही आली. मीपण आधी फोन केला तो कागदावर एक पूर्ण नाव होतं म्हणून. त्या नावाला फोन केला, लॉरेटाने बसमधूनच उचलला. 'एल' असं असतं तर मी कागद डस्टबिनमध्ये टाकला असता आणि अजून कोकम पीत बसले असते."

"पण मंडळातले लोक..." प्रल्हाद म्हणाला.

"वाचतील."

तिने टेबलावरचे तिन्ही कप गोळा केले, सिंकमध्ये ठेवले आणि हात पुसून दोघांकडे वळली.

"आज दुपारी मी सुनेत्राकाकूंना फोन करून सांगते की मी भजनाला येत नव्हते आणि कुठे जात होते. उद्या लायब्ररीला नाव कळवते. नीलांबरी वैरागडे, पूर्ण, माझ्या नंबरासकट. मार्चपासून गुरुवारचा गट माझ्याकडे. घरी यायला मला साडेआठ होतील. त्या दिवशी स्वयंपाक प्रल्हाद करेल."