‘खारुन के उस पार’चा दुसरा भाग

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवा रायपूरच्या स्टॉपवर बसची वाट पाहत उभा होतो. फोन माझ्या मुलीचा, मिनूचा. "पापा, बुआ नहीं रहीं," एवढंच ती म्हणाली. सकाळी ऑफिसला निघताना दवाखान्यात डोकावलो होतो, तेव्हा ताईने डबा घेतलास का म्हणून विचारलं होतं... त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर अर्धा तास बस आली नाही. खरं सांगायचं तर ती येऊच नये असं मला वाटत होतं.

त्याला आता सात आठवडे झाले. वसुधाताई माझी मोठी बहीण. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी भंडाऱ्याहून इथे आले आणि आम्ही रायपूरचेच होऊन गेलो. ताई सरकारी शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न केलं नाही. तात्यापाऱ्यातल्या घरात वर ती, खाली आम्ही तिघं. पण तिच्या शाळेबाहेर लोक तिला ओळखायचे ते एका गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट तिने अर्धीच सांगितली होती.

वीसएक वर्षांपूर्वी इथल्या एका लहानशा केबल वाहिनीने विज्ञानकथेची मालिका करायचं ठरवलं. लिहायला ताई. नमुन्याचा पहिला भाग एका रविवारी दुपारी दाखवला. नाव ‘खारुन के उस पार’. खारुन नदीकाठच्या पंपघरात एक माणूस नोकरीला असतो. एकदा पलीकडच्या काठावर निळा उजेड दिसतो, तो नावेतून बघायला जातो आणि परत येत नाही. तिसऱ्या दिवशी पंपघरातला फोन वाजतो. त्याची मुलगी उचलते. बापाचा आवाज : "बेटी, कोई भी आए, दरवाज़ा मत खोलना." तेवढ्यात दारावर थाप पडते. बाहेरूनही बापाचाच आवाज : "बेटी, मैं आ गया, खोल." मुलगी एका हातात फोन धरून दाराकडे पाहते... आणि भाग संपतो.

पुढचा भाग आलाच नाही. वाहिनी बंद पडली. पण लोकांनी ताईचा पिच्छा सोडला नाही. वाहिनीच्या ऑफिसातून पत्रांची एक पोतडी घरी आली. एका पोस्टमास्तरांनी फोनवरचाच बाप खरा कसा, ते चार पानं भरून सिद्ध केलं होतं. एका शाळकरी मुलीने लिहिलं होतं, की खिडकीतून बघायला काय झालं होतं? गोल बाजारात भांडी घ्यायला गेलो तर दुकानदार घासाघीस सोडून विचारायचा, "दीदी, पहले ये बताओ, खोला कि नहीं?" ताई हसायची. शेवट तिने आधीच लिहून ठेवला होता, हे घरात आम्हाला माहीत होतं. पण तो तिने आम्हालाही वाचू दिला नव्हता.

त्या पोतडीत एक पत्र अभनपूरच्या पुढच्या एका गावातून आलं होतं. सुकवारा नावाच्या बाईने ते दुसऱ्याकडून लिहवून घेतलं होतं. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी कामाला म्हणून परगावी गेला तो परतलाच नव्हता. ‘मी रोज दाराला कडी न लावता झोपते. त्या मुलीला सांगा, उघड म्हणून. बाप दाराशी थांबलाय.’ ताईने ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि पुढच्या रविवारी एकटीच त्या गावी गेली. संध्याकाळी परतली. मी काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे. चहा मांड."

वर्षभराने दुसऱ्या एका कंपनीचे लोक घरी आले. मालिका पूर्ण करायची होती. ताईने हात जोडून नकार दिला. मी चिडलो. "काहून नाही म्हणतेस? लोकं इतके दिवस विचारून राहिले, लिहून तयार हाय तुझ्यापाशी, अन् तू..."

"तुले नाही समजणार," ती म्हणाली. आम्ही आठ दिवस बोललो नाही. ती घाबरली, असं मी तेव्हा धरून चाललो. पुढे कितीतरी वर्षं तसंच धरून चाललो.

मग चार वर्षांपूर्वी कोणीतरी तो भाग इंटरनेटवर टाकला. नवीन पोट्टे-पोट्टी खाली लिहू लागले. कोणी फोनच्या बाजूचे, कोणी दाराच्या. आपसात भांडणंही करायचे. मिनू रोज संध्याकाळी वर जाऊन वाचून दाखवायची आणि ताई डोळे मिटून ऐकायची. "किती जीव लावून राहिले, पाह्य," म्हणायची. उत्तर मात्र एकालाही नाही.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी तिला विचारलंच. "ताई, आता तरी सांग ना. दाराशी कोण होतं?"

ती छताकडे पाहत म्हणाली, "एकीला सांगतलं होतं मी. समोर बसून. तिचा चेहरा पाह्यला, तिचा हात धरून बसली मी... टीव्हीवरून सांगतलं तर कोणाकोणाचा हात धरू?"

ताईच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून पाहुणे पांगल्यावर एक वयस्कर बाई दाराशी आली. पायांवर धूळ, हातात कापडी पिशवी. "मैं सुकवारा. दीदी के घर यही है?" मी तिला आत बसवलं. ती ताईच्या फोटोकडे पाहत म्हणाली, "दीदी मोला बताए रिहिस, मुझे बताया था. जो दरवाज़े पे था, वो बाप नहीं था. बाप अब नहीं आएगा, फोन में वो यही कहना चाहता था. मैं बहुत रोई, भैया. दीदी दिनभर बैठी रही." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "उस दिन से कड़ी लगा के सोती हूँ. नींद आती है."

सुकवाराला भाऊ नव्हता. छत्तीसगढात तीजेला भाऊ बहिणीला माहेरी आणतो, लुगडं देतो. आमच्या बौद्ध घरात तीजा कधी नव्हतीच. तरी दरवर्षी त्या दिवसांत ताई "मैत्रिणीकडे" म्हणून सकाळी जायची आणि संध्याकाळी यायची. ती लुगडं घेऊन सुकवाराकडे जायची, हे मला त्या दिवशी सुकवाराकडूनच कळलं.

गेल्या आठवड्यात तीजा झाली. गोल बाजारातून एक हिरवं लुगडं घेतलं आणि मिनूला सोबत घेऊन मी सुकवाराच्या गावी गेलो. शेणाने सारवलेलं अंगण, एक खोली. तिने लुगडं छातीशी धरलं, मग आम्हाला आत नेऊन चहा ठेवला. चुलीच्या वरच्या खुंटीवर एक चिनी मातीचा कप टांगलेला होता, निळ्या फुलांचा, काठाला टवका उडालेला. घरात दुसरा कप दिसत नव्हता, म्हणून मी तो काढायला हात लावला.

"नहीं भैया, उसे रहन दे," ती घाईने म्हणाली. "वो दीदी का है."

आणि तिने आम्हा दोघांना स्टीलच्या पेल्यांत चहा दिला.